कुलाब्याचे आकडे आणि पायाखालचे प्रवाह

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आर्थर शुस्टर यांनी १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक लांबलचक निबंध छापला. त्यासाठी त्यांनी चार वेधशाळांच्या १८७० सालच्या नोंदी घेतल्या होत्या : सेंट पीटर्सबर्ग, ग्रिनिच, लिस्बन आणि मुंबई. पहिली तीन नावं युरोपातली. विषुववृत्ताच्या बाजूचं, उष्ण कटिबंधातलं ठिकाण एकच, आणि ते म्हणजे मुंबईचं कुलाबा. पृथ्वीच्या पोटात वीज वाहते, आणि वर आकाशात चाललेल्या घडामोडींमुळेच वाहते, याचा पहिला भक्कम हिशेब या चार गावांच्या आकड्यांवर उभा राहिला.

शुस्टर यांच्यापुढचं कोडं जुनं होतं. चुंबकसूची दिवसभर एका जागी ठरत नाही, हे लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅम या घड्याळजीने १७२२ मध्येच पाहिलं होतं. सकाळी ती एका बाजूला सरकते, दुपारनंतर परत फिरते आणि रात्री जवळजवळ स्थिरावते. हालचाल इतकी बारीक की साध्या होकायंत्रावर ती कळणारही नाही. पण ती रोज होते, सूर्याच्या वेळापत्रकाने होते. मग तिचं कारण कुठे शोधायचं, जमिनीखाली की डोक्यावर? बॅल्फर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये असा तर्क मांडला होता की हवेच्या वरच्या, विरळ थरांत विजेचे प्रवाह वाहत असले पाहिजेत. आयनांबर हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला यायचा होता, त्यामुळे ही कल्पना बऱ्याच जणांना हवेतलीच वाटली असणार.

निवाडा करायची युक्ती जर्मन गणिती गाउस यांनी अर्धशतकापूर्वीच देऊन ठेवली होती. प्रवाह डोक्यावरून वाहो की पायाखालून, जमिनीवरच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात होणारा बदल सारखाच दिसू शकतो. उभा घटक मात्र दोन्ही वेळी उलट्या दिशेने बदलतो. तेव्हा आडव्या घटकाच्या नोंदींवरून उभ्या घटकाचं भाकीत करायचं आणि प्रत्यक्ष नोंदींशी ते ताडून पाहायचं. शुस्टर यांनी तेच केलं. प्रवाहांचं मुख्य मूळ आकाशातच निघालं. पण उभ्या घटकाचा बदल भाकितापेक्षा कमी भरला आणि त्याची वेळही थोडी सरकलेली होती. म्हणजे खालून कुणीतरी त्याला विरोध करत होतं.

तो विरोध पृथ्वीचाच. फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथेही लागू पडतं : चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो प्रवाह आपलं स्वतःचं क्षेत्र निर्माण करून मूळ बदलाला अडवू पाहतो. आकाशातला प्रवाह हलतो, पृथ्वी त्याला प्रत्युत्तर देते, आणि वेधशाळेतल्या चुंबकावर दोघांची बेरीज उमटते. होरेस लॅम्ब यांनी या निबंधाला गणिती पुरवणी जोडली होती. तिच्या आधाराने शुस्टर आणखी एक पाऊल पुढे गेले. सगळी पृथ्वी सारखीच वीजवाहक धरली तर आकडे जुळत नव्हते. वरचे थर कमी वाहक आणि आतला भाग अधिक वाहक मानला तरच हिशेब बसत होता. एकही विवर न खणता, चार गावांतल्या चुंबकांच्या हालचालींवरून पृथ्वीच्या पोटातली गोष्ट कळली होती.

या चारांतले मुंबईचे आकडे काही आपोआप जमले नव्हते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती खगोलाच्या वेधांसाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय नोंदी सुरू झाल्या १८४१ मध्ये. गाउस आणि वेबर यांनी युरोपात चुंबकीय वेधांचं जाळं विणायला घेतलं होतं, ब्रिटिशांनी ते आपल्या वसाहतींत पसरवलं, आणि कुलाबा त्यात आलं. एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार पहिली व्यवस्था पाहत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम सांभाळलं. आणि मदतनीस म्हणून पन्नास रुपये महिन्यावर रुजू झाला होता अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला एक मिसरूडही न फुटलेला मुलगा, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे आणि डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. मराठीत त्यांची आठवण गणिती आणि ज्योतिषी म्हणून काढली जाते. त्यांच्या उमेदीची सुमारे दहा वर्षं या वेधशाळेत गेली, हे सहसा कुणी सांगत नाही.

काम कंटाळवाणं होतं. टांगलेला चुंबक, त्याची हालचाल मोजायला दुर्बीण आणि मोजपट्टी. दर तासाला पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत मांडायचा. दिवस असो, रात्र असो, मुंबईचा पाऊस कोसळत असो. सुई अस्वस्थ दिसली तर तासाची वाट पाहायची नाही, पाच-पंधरा मिनिटांनी वाचत राहायचं.

या शिस्तीचं मोल १८५९ मध्ये दिसलं. १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरच्या डागांजवळ प्रखर प्रकाशाचा स्फोट पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. युरोपातल्या काही वेधशाळांत फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. तिथे प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला आणि नोंद तुटली. कुलाब्याला अजून फोटोग्राफी आलेली नव्हती. तिथे माणूस डोळ्यांनी वाचत होता, म्हणून नोंद टिकली. सकाळी अकराच्या सुमारास आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं आणि थोड्याच वेळात बरंचसं वर आलं. एवढी घसरण म्हणजे कुलाब्याच्या एकूण आडव्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास. जुन्या वह्यांतली ही नोंद नव्याने तपासून ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना अलेक्स प्रभृतींनी २००३ मध्ये निबंध लिहिला, तेव्हा कुलाब्याचं नाव पुन्हा जगभर झालं. तेव्हापासून कॅरिंग्टनच्या वादळाची ताकद अजमावायची म्हटली की सगळ्यांना या वह्यांकडेच यावं लागतं.

त्या १,६०० मध्ये पृथ्वीचा वाटा किती, हा प्रश्न मात्र त्या वेळी कुणी विचारला नाही. विचारणार तरी कसं? जमिनीतले प्रवाह तेव्हा तारवाल्यांच्या डोकेदुखीच्या रूपानेच जगाला भेटत होते. रेल्वेच्या तारयंत्रांचे काटे कुणी संदेश पाठवत नसतानाही हलतात, हे इंग्लंडमधले अभियंते डब्ल्यू. एच. बार्लो यांनी १८४७ मध्ये टिपलं होतं. १८५९ च्या वादळात तर अमेरिकेतल्या बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारबाबूंनी दोन्हीकडच्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि जमिनीतून तारेत शिरणाऱ्या विजेवर काही काळ बोलणं चालू ठेवलं. ग्रिनिचचे राजज्योतिषी एअरी यांनी हे प्रवाह मोजायला क्रॉयडन आणि डार्टफर्डपर्यंत खास तारा टाकून घेतल्या.

मुंबईलाही याचा झटका बसला तो रविवारी, ४ फेब्रुवारी १८७२ रोजी. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचं वृत्त ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने छापलं, आणि एडनकडे जाणाऱ्या समुद्री तारेवरचे संदेशही काही तास विस्कळीत झाले. उत्तर नॉर्वेत दिसणारा प्रकाश एकोणीस अंश अक्षांशावर! तारवाल्यांना त्याचं कौतुक करायला सवड झाली नसावी. कुलाब्यात फोटोग्राफीने नोंद घेणारी यंत्रं आली तीही याच वर्षी.

विसाव्या शतकाच्या तोंडावर कुलाब्यावर आलेलं संकट मात्र आकाशातून आलं नव्हतं. मुंबईत १८७४ पासून ट्राम धावत होती, पण ती घोडे ओढत. आता विजेची ट्राम येणार होती. तिला लागणारा प्रवाह तारेतून येतो आणि रुळांवाटे वीजघराकडे परत जातो, आणि रुळ जमिनीवर टेकलेले असल्याने त्यातला काही भाग वाट चुकून मातीत शिरतो. गाडी सुटली, थांबली, चढणीला लागली की हा प्रवाह कमी-जास्त होणार, आणि वेधशाळेतला चुंबक त्याबरोबर नाचणार. सूर्याने जमिनीत उठवलेले प्रवाह मोजणाऱ्यांना माणसाने जमिनीत सोडलेल्या प्रवाहांमुळे बिऱ्हाड हलवावं लागणार होतं. हे काही मुंबईचंच नशीब नव्हे. रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे ग्रिनिचलाही पुढे १९२० च्या दशकात आपले चुंबक ॲबिंजर नावाच्या खेड्यात न्यावे लागले. मुंबईने हे काम वीस वर्षं आधी आणि अधिक शिस्तीत उरकलं, असं म्हणायला हरकत नाही.

ते उरकणारा माणूस म्हणजे नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. कॅरिंग्टनच्या वादळाच्या सालीच, १८५९ मध्ये, जन्मलेले हे पारशी शास्त्रज्ञ १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी जागा निवडली ती खाडीपलीकडची, मुंबईच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरचं अलिबाग. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण. समुद्र तसाच, हवा जवळपास तशीच, आणि ट्रामची धास्ती नाही.

इमारत बांधताना एक अडचण पायाखालीच होती. कोकणातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. सह्याद्रीच्या दगडाने बांधलेली भिंतच चुंबकाला ओढू लागली तर मोजणार काय? म्हणून भिंतींना काठेवाडातून पोरबंदरी दगड आणला. लोखंडाचा खिळासुद्धा नको, म्हणून बिजागऱ्या, कड्या, स्क्रू सगळं पितळेचं आणि तांब्याचं. नोंदयंत्रांची खोली दुहेरी भिंतींच्या आत ठेवली, म्हणजे बाहेर मे महिन्याचं ऊन असो की पावसाची झड, आतलं तापमान सहसा हलत नाही. चुंबकाची ताकद तापमानाने बदलते, त्यावरचा हा इलाज.

पण मूस यांची खरी दूरदृष्टी दगडात नव्हती. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं त्यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालवल्या. दोन जागांमधला फरक नेमका कळला, म्हणून १८४० च्या दशकात सुरू झालेली मालिका न तुटता पुढे जोडता आली. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी, तोवर चुंबक सुखरूप पलीकडे पोहोचले होते. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींचे मूस यांनी १९१० मध्ये दोन जाडजूड खंड काढले. चुंबकीय वादळांवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर ते पुढची कित्येक वर्षं असायचे.

शुस्टर यांचा धागा पुढे नेला सिडनी चॅपमन यांनी. १९१९ मध्ये त्यांनी चारच्या जागी एकवीस वेधशाळा घेतल्या आणि निष्कर्ष पक्का केला. १९३९ मध्ये बी. एन. लाहिरी आणि ए. टी. प्राइस यांनी रोजच्या चढउतारांबरोबर वादळांचाही हिशेब धरला. मंद बदल खोलवर पोहोचतात, झपाट्याचे बदल वरच अडतात. त्यामुळे वेगवेगळ्या गतीचे बदल घेतले की वेगवेगळ्या खोलीची विद्युतवाहकता काढता येते. लाहिरी-प्राइस यांच्या गणिताने सांगितलं की काही शे किलोमीटर खाली प्रावरणाची वाहकता झपाट्याने वाढते. त्या खोलीपर्यंत माणूस आजही पोहोचलेला नाही. रशियात कोला द्वीपकल्पावर खणलेलं सर्वांत खोल विवर सव्वाबारा किलोमीटरवर थांबलं.

मग उपग्रह आले, आणि जमिनीतल्या प्रवाहांनी नवीच पंचाईत केली.

चुंबकीय क्षेत्राच्या तीनही घटकांचा जगभरचा अचूक नकाशा काढणारा पहिला उपग्रह अमेरिकेचा मॅगसॅट. तो ३० ऑक्टोबर १९७९ ला सुटला आणि पुढच्या जूनमध्ये जळून गेला. त्याची कक्षा मुद्दाम पहाट-सांजेच्या, म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या सीमारेषेवर बसवली होती, म्हणजे दुपारी उफाळणारे आयनांबरातले प्रवाह टाळता येतील. या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट लँगेल होते. ज्या गोष्टी टिपायच्या त्या किती बारीक! मध्य आफ्रिकेत बांगी शहराभोवती भूकवचाची जी प्रसिद्ध चुंबकीय विसंगती आहे, ती मॅगसॅटच्या उंचीवरून वीस नॅनोटेस्लांच्या आसपास दिसते, तर पृथ्वीचं मुख्य क्षेत्र हजारो नॅनोटेस्लांचं.

आता समजा, मध्यम वादळ आलं. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर दूर फिरणारा वलयप्रवाह बळावला आणि विषुववृत्ताजवळ जमिनीवरचं आडवं क्षेत्र १०० नॅनोटेस्लांनी उतरलं. लँगेल आणि एस्टेस यांनी १९८५ मध्ये मॅगसॅटच्या नोंदींवरून जे गुणोत्तर काढलं त्यानुसार बाहेरच्या क्षेत्राला पृथ्वी साधारण ०.२७ पट प्रत्युत्तर देते. उभ्या घटकात हे प्रत्युत्तर विरोधात जातं, पण आडव्या घटकात भर टाकतं. म्हणजे त्या शंभरातले ऐंशीच्या जवळपास आकाशाचे आणि वीसेक पृथ्वीचे. साडेचारशे किलोमीटर उंचीवर चढल्याने हा पृथ्वीचा वाटा जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो. सोळा-सतरा नॅनोटेस्ला उरतातच. बांगीची अख्खी विसंगती झाकायला किंवा नसलेली विसंगती दाखवायला एवढे पुरे. आणि वादळ ओसरलं तरी पृथ्वीच्या आतले प्रवाह लगेच थांबत नाहीत, ते रेंगाळतात. बाहेरचा जोर मोजून त्याला एका आकड्याने गुणलं की काम भागलं, असं इथे चालत नाही.

यापेक्षा अवघड भानगड दिवसाच्या प्रवाहांची आहे. गाउसची युक्ती आठवावी : उगम मोजणाऱ्याच्या वर आहे की खाली, एवढंच ती सांगते. जमिनीवर उभं राहणाऱ्याला आयनांबर वर आणि पृथ्वी खाली, म्हणून दोघांची फारकत होते. उपग्रह मात्र आयनांबरातल्या प्रवाहांच्याही वर असतो. हे प्रवाह सुमारे ११० किलोमीटरवर वाहतात आणि उपग्रह चारशे-पाचशेवर. त्याच्या दृष्टीने आयनांबर आणि पृथ्वी दोन्ही ‘खाली’. शुस्टर यांनी सोडवलेली गाठ उपग्रहाने पुन्हा बांधून ठेवली म्हणायची. शिवाय तो सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पळतो, म्हणून दिसलेला बदल जागेमुळे झाला की वेळेमुळे, हेही एकट्याच्या नोंदींवरून त्याला सांगता येत नाही.

म्हणून जमिनीवरच्या वेधशाळा मोडीत निघाल्या नाहीत. डेन्मार्कचा अर्स्टेड १९९९ मध्ये, जर्मनीचा चँप २००० मध्ये आणि युरोपीय अवकाश संस्थेचे तीन स्वार्म उपग्रह २२ नोव्हेंबर २०१३ ला वर गेले. त्यांच्या नोंदींतून पृथ्वीचं क्षेत्र मांडणारी प्रारूपं बनवताना रात्रीच्या आणि शांत दिवसांच्या नोंदी वेचून घेतात, आणि वलयप्रवाहाचा चढउतार मात्र जमिनीवरच्या वेधशाळांकडून मागून घेतात. नील्स ऊल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर वलयप्रवाहाचा निर्देशांकच आकाशाचा आणि पृथ्वीचा असे दोन हिस्से करून वापरायला सुरुवात केली. १९७१ मध्ये कुलाबा-अलिबागच्या वारशातून उभी राहिलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलमध्ये आहे. तिच्या अलिबाग वेधशाळेच्या नोंदी इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातून जगभर जातात.

पृथ्वीचं प्रत्युत्तर सगळीकडे सारखं नसतं, ही आणखी एक गुंतागुंत. समुद्राचं खारं पाणी कोरड्या स्फटिकी खडकांपेक्षा हजारो पटींनी चांगलं वाहक, म्हणून प्रवाह समुद्रात गर्दी करतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पार्किन्सन यांना १९५० च्या दशकाच्या अखेरीस आढळलं की चुंबकीय बदलांचे बाण जणू समुद्राकडे बोट दाखवतात. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत हे प्रवाह दाटीवाटीने वाहतात, त्यामुळे दक्षिण टोकाच्या वेधशाळांच्या नोंदी चमत्कारिक येतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीबरोबर १९७९ मध्ये वायव्य भारतात चुंबकमापींची रांग लावली, तर हिमालयाला छेद देत जाणारा एक वाहक पट्टाच जमिनीखाली सापडला.

जमिनीतले आणि पाण्यातले प्रवाह म्हणजे उपग्रहाच्या नोंदींतली घाण, ती पुसून टाकायची, अशी सुरुवातीची वृत्ती होती. ती बदलली २००३ मध्ये. खारं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहिलं तरी त्यात वीज उत्पन्न व्हायला हवी, हे फॅराडे यांना प्रवर्तनाचा शोध लागल्यावर लगेच सुचलं होतं. जानेवारी १८३२ मध्ये ते लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेले, लांबलचक तांब्याची तार टाकून तिची टोकं थेम्स नदीत सोडली आणि भरती-ओहोटीच्या पाण्यातली वीज मोजायचा प्रयत्न केला. हाती विश्वासार्ह काही लागलं नाही. १७१ वर्षांनी रॉबर्ट टायलर, स्टेफान माउस आणि हर्मान ल्युहर यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की चँप उपग्रहाच्या नोंदींत समुद्राच्या चांद्र भरतीची खूण आहे. भरतीचं पाणी पृथ्वीच्या क्षेत्रातून सरकतं, त्यात प्रवाह उठतात, आणि त्यांचं दोन-तीन नॅनोटेस्लांचं क्षेत्र ४३० किलोमीटर उंचीवरही ओळखू येतं.

२०१६ मध्ये अलेक्झांडर ग्रेव्हर आणि सहकाऱ्यांनी याच भरतीच्या खुणेवरून समुद्रतळाखालच्या शिलावरणाची आणि त्याखालच्या मऊ थराची विद्युतवाहकता काढली. शुस्टर यांना लागला तो सूर्याचा रोजचा फेरा, यांना चंद्राने ओढलेलं पाणी. पद्धत तीच. आता अडचण आहे ती वेळेची. ध्रुवावरून जाणारा उपग्रह दिवसाच्या सगळ्या प्रहरांत सगळीकडे पोहोचायला महिने घेतो, आणि प्रवर्तनाच्या अभ्यासाला तर चोवीस तासांचा पूर्ण फेरा लवकरात लवकर हवा असतो. २१ मे २०२३ रोजी सुटलेला मकाव सायन्स सॅटेलाइट-१ म्हणूनच ध्रुवाकडे जात नाही. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ४१ अंशांचाच कोन करते, आणि रोजच्या रोज तो त्या पट्ट्यात घिरट्या घालतो, ज्या पट्ट्यातल्या फक्त दोन गावांचे, लिस्बन आणि मुंबईचे, १८७० चे आकडे शुस्टर यांना मिळाले होते.